बीओडीचा ब्लँक वारंवार बिघडतोय? रसायनं फेकण्याआधी पाण्याचं तापमान बघा

दिवाळी उलटून थंडी पडायला लागली की इंदूर, देवास, पीथमपूरकडच्या प्रयोगशाळांत काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींकडून एकच तक्रार ऐकू येते: बीओडीचा ब्लँक बसत नाही. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्याचं माप, आणि ब्लँक म्हणजे नमुना न घालता नुसत्या डायल्युशन वॉटरने, म्हणजे नमुना पातळ करायच्या पाण्याने, भरलेली बाटली. २७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये तीन दिवस ठेवल्यावर ब्लँकच्या बाटलीतला ऑक्सिजन ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा जास्त उतरलेला नसावा, आणि इथे ०.७ येतो, ०.९ येतो, कधी १ च्याही वर जातो. मग पाण्यात पोषक द्रव्य म्हणून घालायचा फॉस्फेट बफर नवा होतो, फेरिक क्लोराइड नवं होतं, बाटल्या पुन्हा पुन्हा धुतल्या जातात, डिस्टिलेशनच्या यंत्राला दोष दिला जातो. फेब्रुवारी सरता सरता ब्लँक आपोआप सुधारतो. शेवटचा जो उपाय केलेला असतो त्याला श्रेय मिळतं, आणि पुढच्या थंडीत गाडी पुन्हा तिथेच.

माझं स्पष्ट मत असं की आपल्या भागात ब्लँक बिघडण्याची दोन वेगळी कारणं आहेत आणि ती एकमेकांत मिसळल्यामुळे कुणालाच धागा सापडत नाही. एक म्हणजे वायू सुटणं. त्यात कुणी ऑक्सिजन खाल्लेलाच नसतो. दुसरं म्हणजे डायल्युशन वॉटरमध्ये खरोखर काहीतरी जिवंत वाढत असणं. पहिलं थंडीतलं दुखणं, दुसरं उन्हाळ्या-पावसाळ्यातलं. दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

०.८ ने एवढं काय बिघडतं

नवीन मुलांना वाटतं, दशांशातली गोष्ट आहे, चालायचंच. म्हणून आधी हिशेब मांडते. साध्या घरगुती सांडपाण्याचा बीओडी २५० च्या आसपास धरा. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत आपण त्याचे साडेचार मिलिलिटर घालतो, म्हणजे गुणक जवळपास ६७. पाण्यातच ०.८ चा खोटा उतार असेल आणि तोच नमुन्याच्या बाटलीतही बसला, तर उत्तरात ५० पेक्षा जास्त मिलिग्रॅमची भर पडते. २५० चे ३०० होतात. प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात आपण बाटलीत १०० मिलिलिटर नमुना घालतो, तिथे गुणक फक्त ३, म्हणून चूक दीड मिलिग्रॅमच्या घरात राहते. पण बीओडीच १० असेल तर त्यात दीड म्हणजे पंधरा टक्के. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मध्ये नदीनाल्यांत सोडायच्या सांडपाण्याला २७ अंशांवर ३ दिवसांच्या बीओडीची सर्वसाधारण मर्यादा ३० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. २९ आणि ३१ मध्ये एखाद्या कारखान्याला नोटीस जाते किंवा जात नाही. इंदूरचं सांडपाणी कान्ह नदीतून पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळतं. त्या पाण्याबद्दल कुठे काय ठरायचं ते आपल्या ब्युरेटवरच्या आकड्यावर ठरतं, एवढं लक्षात असू द्या.

दुसरी सवय याहून वाईट: ब्लँकचा उतार नमुन्याच्या उतारातून वजा करून मोकळं व्हायचं. हे करू नका. ब्लँक ही तपासणी आहे, दुरुस्ती नव्हे. ब्लँकमध्ये वायू सुटून ०.८ गेला म्हणून नमुन्याच्या बाटलीतही तेवढाच गेला, असं कुठे आहे? तिथे जिवाणू पहिल्या दिवसापासून ऑक्सिजन खात असतात, त्यामुळे पाणी तितकं अतिसंपृक्त, म्हणजे मावेल त्याहून जास्त ऑक्सिजन धरलेलं, राहत नाही. उलट गाळाच्या कणांवर बुडबुडे लवकर धरतात. म्हणजे कमी किंवा जास्त, दोन्ही होऊ शकतं. ज्याचा अंदाजच नाही ते वजा कसं करणार?

भिंतीवरचा तक्ता समुद्रसपाटीचा आहे

ब्लँक बिघडला की सगळे तिसऱ्या दिवसाच्या आकड्याकडे बघतात. मी आधी पहिल्या दिवसाचा आकडा विचारते. सुरुवातीचा डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, किती होता? आणि पाणी भरताना त्याचं तापमान किती होतं? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेकदा उत्तरच नसतं, कारण रजिस्टरमध्ये तो रकानाच नसतो.

जवळपास प्रत्येक प्रयोगशाळेत डीओच्या संपृक्त पातळीचा तक्ता लावलेला असतो. २० अंशांना ९.०९, २७ अंशांना साधारण ७.९७, असे त्यातले आकडे. ते बरोबर आहेत, पण समुद्रसपाटीच्या दाबाला. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. हवेचा दाब इथे सहा-साडेसहा टक्क्यांनी कमी, म्हणून पाण्यात मावणारा ऑक्सिजनही तेवढ्याच प्रमाणात कमी. आपल्याकडचे आकडे ढोबळमानाने असे धरा: १५ अंशांना ९.४, २० ला ८.५, २७ ला ७.४ आणि ३५ ला ६.५. बडोद्याच्या प्रयोगशाळेत तोच तक्ता जवळजवळ जसाच्या तसा चालतो, कारण ते शहर समुद्रसपाटीपासून फार उंच नाही. मालव्याच्या पठारावर चालत नाही.

हे चार आकडे पाठ असले की निम्मं निदान बाटली इनक्युबेटरमध्ये ठेवण्याआधीच होतं. पाणी २७ अंशांचं आहे आणि सुरुवातीचा डीओ ८.३ आला? मग तो पाण्यात राहणार नाही, बाहेर येणारच. किंवा थायोसल्फेट कमजोर झालं आहे आणि आकडा उगाच मोठा दिसतोय. ७.४ च्या जागी ६.२ आला? मग हवा नीट दिली गेली नाही किंवा कारबॉयमध्येच, म्हणजे पाणी साठवायच्या मोठ्या कॅनमध्येच, कुणीतरी ऑक्सिजन खातंय. ७.३ ते ७.५ आला तर निर्धास्त पुढे जा.

थंडीतला ब्लँक

मालव्याच्या रात्रींची ख्याती मोठी. शब-ए-मालवा म्हणून लोक तिचं कौतुक करतात, आणि ती खरोखरच सुखाची असते. पण रात्रभर प्रयोगशाळेच्या फरशीवर उभा असलेला वीस लिटरचा कारबॉय त्या रात्री गारठतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी त्यातलं पाणी १५-१६ अंशांवर असतं. त्याला हवेचा पंप लावला की ते ९.४ पर्यंत ऑक्सिजन धरतं. आपण ते बाटल्यांत भरतो, बूच लावतो आणि २७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवून देतो. २७ अंशांना त्यात मावतो ७.४. उरलेल्या दोन मिलिग्रॅमने जायचं कुठे?

गार सोड्याची बाटली उन्हात ठेवल्यावर जे होतं तेच. वायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटायला लागतो. सगळाच सुटत नाही, कारण बाटली बंद असते, पण अर्धा-एक मिलिग्रॅम सहज जातो. तो बुडबुडा बुचाच्या तिरप्या टोकाच्या कडेला, बाटलीच्या खांद्याखाली जाऊन बसतो. तिसऱ्या दिवशी बूच काढलं की तो निघून जातो आणि टायट्रेशनमध्ये दिसतो तो फक्त कमी झालेला डीओ. ब्लँकने ऑक्सिजन खाल्ला, असं आपण लिहून मोकळे होतो.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होते. पाणी १५ वरून २७ अंशांवर आलं की ३०० मिलिलिटरमागे पाऊण मिलिलिटरने फुगतं. तेवढं पाणी बुचाला ढकलून बाहेर पडतं. बूच किंचित सैल होतं, आणि त्यावर पाण्याचा थर नीट नसेल तर पुढचे तीन दिवस बाटली हवेशी बोलत राहते.

हे ओळखायची खूण सोपी आहे. तिसऱ्या दिवशी बाटली बाहेर काढल्यावर लगेच बूच काढू नका. उजेडासमोर धरा, हळूच तिरकी करा. खांद्याखालून चपटा बुडबुडा सरकताना दिसला तर निदान झालं. भरताना आत हवा राहिलेली नव्हती याची खात्री मात्र पहिल्या दिवशीच केलेली हवी, नाहीतर हा बुडबुडा कुठला ते कळणार नाही.

तीन दिवस थांबायचं नसेल तर एक छोटी चाचणी आहे, ती मला फार उपयोगी वाटते. त्याच पाण्याच्या दोन जास्तीच्या बाटल्या भरा आणि इनक्युबेटरमध्ये ठेवून चार-पाच तासांनी काढा. एवढ्या वेळात स्वच्छ पाण्यातले जिवाणू डीओमध्ये मोजण्यासारखा फरक पाडू शकत नाहीत. तरीही डीओ ०.३-०.४ ने उतरला असेल तर दोष जिवाणूंचा नाही. वायू सुटतोय, किंवा पाण्यात ऑक्सिजनशी थेट प्रक्रिया करणारं एखादं रसायन आहे. सकाळी भरलेल्या बाटलीचं उत्तर संध्याकाळी घरी जायच्या आत हातात येतं.

पीथमपूरच्या एका मुलीचा मागच्या थंडीत फोन आला होता.

“ताई, ब्लँक परत एकवर गेला. चारही रसायनं नवी केली, डिस्टिल्ड वॉटर बाहेरून आणलं, तरी.”

“बाहेरून आणलेलं पाणी कुठे ठेवलं होतंस?”

“मागच्या व्हरांड्यात. कॅन जड आहेत ना, आत कोण आणणार.”

“आणि भरताना पाणी किती अंशांवर होतं?”

जरा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, “हाताला तर बर्फ लागत होतं, ताई.”

उपाय महाग नाही. आदल्या संध्याकाळी पाणी इनक्युबेटरमध्येच ठेवा. जागा नसेल तर निदान त्या दिवशी लागणारे तीन-चार लिटर काचेच्या मोठ्या बाटलीत भरून ठेवा. तोंडाला कापसाचा बोळा लावा, घट्ट झाकण नको, नाहीतर वायूला जायला वाट नाही. सकाळी पाणी २७ अंशांवर आल्याची खात्री करा, मग हवा द्या, आणि हवा दिल्यावर तासभर तसंच स्थिर राहू द्या. बारीक बुडबुड्यांनी पाणी संपृक्त पातळीच्या वर जातं, ते या तासात खाली येतं. पंपच नसेल तर अर्धी भरलेली बाटली दोन मिनिटं जोरात हलवणं हा जुना उपाय आजही उत्तम चालतो. त्यानंतर सुरुवातीचा डीओ काढा. ७.४ च्या आसपास असेल तरच बाटल्या भरायला घ्या.

हाच नियम नमुन्यांनाही आहे, आणि तो विसरला जातो. चार अंशांच्या फ्रिजमधून काढलेला नमुना थेट बाटलीत घालायचा नाही. प्रक्रिया केंद्राच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याचे बाटलीत १००-१५० मिलिलिटर जातात. तेवढं गार पाणी घातलं की २७ अंशांचं डायल्युशन वॉटर आधी तयार करून ठेवल्याचा काहीच उपयोग राहत नाही. तलावाचं हिरवट पाणी असेल तर दुपारच्या उन्हात शेवाळाने सोडलेल्या ऑक्सिजनमुळे ते मुळातच अतिसंपृक्त असतं. तेही आधी २७ अंशांवर आणून हलवून घ्या.

कारबॉयमधली वस्ती

आता दुसरा प्रकार. मार्चपासून पुढे, आणि विशेषतः पावसाळ्यात, ब्लँक वर जातो तेव्हा बुडबुडा सापडत नाही. सकाळ-संध्याकाळच्या चाचणीत फरक दिसत नाही. उतार तीन दिवसांत हळूहळू होतो. इथे खरोखर कुणीतरी ऑक्सिजन खातंय. कुठे राहून खातंय ते शोधायचं.

माझा पहिला संशय नेहमी कारबॉयच्या तोटीवर. तोटी काढा आणि आतल्या बाजूला बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर तिथे जिवाणूंचा थर आहे. दुसरा संशय हवेच्या पंपाच्या नळीवर. पाण्यात बुडणारं तिचं टोक उजेडात धरलं की गुलाबीसर किंवा पिवळट पापुद्रा दिसतो. कारबॉय आपण विसळतो, पण ही दोन ठिकाणं महिनोन्‌महिने तशीच राहतात. वरून स्वच्छ पाणी ओतलं तरी पहिला घोट त्या तोटीतून जातो आणि पहिली बाटली सहसा ब्लँकचीच असते! तोटी सुटी करून, नळी कापून टाकून नवी बसवून आणि कारबॉय पातळ हायपोक्लोराइटने धुऊन घ्या. मग इतकं विसळा की शेवटच्या विसळणीत पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्च टाकल्यावर जराही निळी छटा येऊ नये. क्लोरीन राहिला तर ब्लँक सुंदर येईल, पण नमुन्यातले जिवाणू मरतील आणि उत्तर खोटं कमी येईल. ती चूक जास्त वाईट, कारण ती कुणाला दिसत नाही.

पंप कुठली हवा ओढतो तेही बघा. शेजारच्या टेबलावर ॲसिटोनने काचसामान विसळत असतील तर त्या वाफा पाण्यात विरघळतात आणि जिवाणूंना आयतं जेवण मिळतं.

दुसरी जागा म्हणजे पाणी स्वतः. डीआय (डीआयोनाइज्ड) वॉटर रेझिनने क्षारमुक्त केलेलं असतं म्हणून ते शुद्ध, असा समज घट्ट बसलेला आहे. कंडक्टिव्हिटी कमी आहे याचा अर्थ क्षार नाहीत एवढाच. सेंद्रिय पदार्थ त्यात असू शकतात, जुन्या रेझिनमधूनही ते झिरपतात, आणि रेझिनच्या कणांवर जिवाणू मजेत राहतात. बीओडीच्या ब्लँकला कंडक्टिव्हिटीचं प्रमाणपत्र चालत नाही. इंदुरात नर्मदेचं पाणी जलूदहून येतं आणि अनेक प्रयोगशाळा सोयीप्रमाणे ते किंवा बोअरचं पाणी डिस्टिलेशनला लावतात. बोअरचं पाणी आपल्या काळ्या कातळातलं, जड. त्याचा थर कॉइलवर चढला की उकळी उसळते आणि कच्च्या पाण्याचे थेंब वाफेबरोबर पुढे जातात. पहिलं पाणी फेकून द्या आणि थर नियमित काढा.

तिसरी जागा मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, म्हणून तिच्यावर जरा थांबते. फॉस्फेट बफरमध्ये अमोनियम क्लोराइड असतं, लिटरला १.७ ग्रॅम. आपण बफर लिटरमागे एक मिलिलिटर घालतो, म्हणजे डायल्युशन वॉटरमध्ये अमोनियाच्या रूपातला नायट्रोजन साधारण ०.४४ मिलिग्रॅम प्रति लिटर येतो. एवढासा वाटतो, पण एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला सिद्धांताप्रमाणे ४.५७ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. गुणाकार करा: या बफरच्या पोटातच दोन मिलिग्रॅम ऑक्सिजन खायची क्षमता दडलेली आहे. ताज्या, स्वच्छ पाण्यात काही होत नाही, कारण नायट्रीकरण करणारे जिवाणू नसतात आणि ते सावकाश वाढतात. पण पोषक द्रव्यं घातलेलं पाणी आठवडाभर कारबॉयमध्ये राहिलं, संपत आलं की त्याच्यावरच नवं ओतलं, असं महिनाभर चाललं की त्यांची वस्ती पक्की होते. मग तुम्ही डिस्टिल्ड वॉटर कितीही चांगलं आणा. म्हणून पोषक द्रव्यं त्या दिवशी लागणाऱ्या पाण्यातच, वापरायच्या वेळीच घाला. उरलेलं पाणी ओतून द्या. बफरच्या बाटलीत तळाशी कापसासारखं काही तरंगताना दिसलं तर ती बाटलीही गेली.

कुठली बाटली काय सांगते

एकदम सगळं बदललं तर दोष कुठे होता हे कधीच कळत नाही. म्हणून एका दिवशी निरनिराळे ब्लँक एकत्र लावा, प्रत्येकाच्या दोन बाटल्या शून्य दिवसाला, म्हणजे लगेच मोजायला, आणि दोन इनक्युबेटरमध्ये. यंत्रातून थेट स्वच्छ काचपात्रात घेतलेलं ताजं पाणी, पोषक द्रव्यांसह, हाताने हलवून संपृक्त केलेलं. नेहमीच्या कारबॉयमधलं नेहमीचं पाणी. कारबॉयमधलंच, पण पोषक द्रव्यं न घातलेलं. आणि कारबॉयमधल्या नेहमीच्या पाण्यात लिटरला दोन मिलिग्रॅम ॲलिल थायोयुरिया घातलेलं, म्हणजे नायट्रीकरण थांबेल. पोषक द्रव्यं कारबॉयमध्येच मिसळायची जुनी पद्धत असेल तर तिसरा गट करता येणार नाही, तो सोडून द्या.

सगळं पाणी आधी २७ अंशांवर आणलेलं हवं, नाहीतर थंडीतला दोष इथे घुसेल आणि पुन्हा गोंधळ.

तिसऱ्या दिवशी ताज्या पाण्याचा ब्लँक चांगला आणि कारबॉयचा वाईट आला तर भांडं आणि नळ्या धुवा, रसायनांना हात लावू नका. दोन्ही वाईट आले तर पाण्याच्या उगमाकडे वळा. पोषक द्रव्यांशिवायचा चांगला आणि त्यांच्यासहचा वाईट असेल तर एखादं द्रावण बाधलेलं आहे किंवा नायट्रीकरण चालू आहे, आणि त्या दोन्हींतला फरक थायोयुरियाची बाटली सांगते: तिचा उतार एकदम कमी झाला तर नायट्रीकरण. एक काळजी घ्या. ॲलिल थायोयुरिया आयोडीनशीही थोडी प्रक्रिया करतं, त्यामुळे विंकलर पद्धतीत, म्हणजे डीओ टायट्रेशनने मोजताना, आकडा किंचित कमी दिसतो. ते शून्य दिवसाच्या बाटल्यांतही घातलं की फरक काढताना ही चूक निघून जाते.

आणि हे सगळं करण्याआधी स्वतःचा हात तपासा. एकाच पाण्याच्या चार बाटल्या एकापाठोपाठ भरून लगेच टायट्रेट करा. चारींत ०.१ पेक्षा जास्त तफावत असेल तर पुढच्या सगळ्या ब्लँकला काही अर्थ नाही, कारण तुम्ही ०.२ शोधताय आणि हातच तेवढा हलतोय.

विंकलरने ही पद्धत १८८८ साली दिली, आणि नीट केली तर अजूनही ती प्रोबला कान धरून शिकवते. चुका ठरलेल्या आहेत. थायोसल्फेट पहिल्या आणि तिसऱ्या, दोन्ही दिवशी प्रमाणित करा. दोन्ही अभिकर्मकं एकेक मिलिलिटर घातली असतील तर टायट्रेशनला २०१ मिलिलिटर घ्या, दोन-दोन घातली असतील तर २०३. स्टार्च फिकट गवती रंग आल्यावरच घाला, आणि निळ्याऐवजी तांबूस जांभळा रंग दिसला तर स्टार्च नासलंय. शेवटचा बिंदू गाठल्यावर निळा रंग लगेच परतत असेल तर नायट्राइटचा अडथळा रोखणाऱ्या ॲझाइडकडे बघा. तपकिरी साका अर्ध्या बाटलीपर्यंत बसू द्या, पुन्हा हलवा, पुन्हा बसू द्या. पाणी बाटलीत ओतू नका, सायफनची नळी तळाला टेकवून भरा.

उन्हाळ्यात उणे ब्लँक

मे महिन्यात कधी कधी उलटं होतं: तिसऱ्या दिवसाचा डीओ पहिल्या दिवसापेक्षा जास्त. मुलं घाबरतात, आणि रजिस्टरमध्ये शून्य लिहून टाकायचा मोह होतो. तसं लिहू नका, आकडा आला तसाच लिहा. कारण साधं आहे. कारबॉयमधलं पाणी ३५ अंशांवर असतं, डीओ ६.५. इनक्युबेटरमध्ये ते २७ वर येताना पाऊण मिलिलिटरने आकसतं आणि बुचाच्या कडेने वरचं पाणी, तो थर सुकला असेल तर हवाच, आत ओढली जाते. इनक्युबेटरच्या पंख्याने बाटलीच्या गळ्यातलं पाणी या दिवसांत भराभर उडतं. बुचावर पाणी भरून वर प्लॅस्टिकची टोपी किंवा फॉइल लावा. उपाय इथेही तोच, पाणी आधी २७ वर आणायचं. शिवाय ६.५ ने सुरुवात केली तर नमुन्याच्या बाटलीत शेवटी निदान १ मिलिग्रॅम उरायला हवा आणि निदान २ चा उतार दिसायला हवा, हे गणित फार घट्ट होतं.

इनक्युबेटरचं दार बंद केल्यावर आतला दिवा विझतो का तेही एकदा बघून घ्या. उजेड राहिला तर शेवाळ ऑक्सिजन तयार करतं. आणि बाहेरचा आकडा २७ दाखवतोय म्हणून प्रत्येक फळीवर २७ असतो असं नाही. पाणी भरलेल्या बाटलीत थर्मामीटर ठेवून वरची, मधली, खालची फळी तपासा. तीव्र उन्हाळ्यात कॉम्प्रेसर थकला की वरची फळी आधी हात टेकते.

सीड घातलेला ब्लँक वेगळा

हा घोळ दर वेळी होतो. ०.२ ची मर्यादा सीड, म्हणजे मुद्दाम घातलेले जिवाणू, नसलेल्या डायल्युशन वॉटरला आहे. सीड घातलेल्या पाण्याचा उतार जास्तच असणार, ०.६ ते १ च्या दरम्यान असला तर उत्तम, आणि सीडचा वाटा मात्र हिशेबात रीतसर वजा करायचा असतो. सीडच्या ब्लँकवर ०.२ चा नियम लावून कुणी सीड कमी करत नेलं तर ग्लुकोज-ग्लुटामिक ॲसिडच्या ठरावीक द्रावणाची तपासणी बसत नाही आणि नवंच दुखणं सुरू होतं. त्या तपासणीचा १९८ अधिक-उणे ३०.५ हा प्रसिद्ध आकडा २० अंश आणि ५ दिवसांचा आहे. भारतीय मानक आयएस ३०२५ भाग ४४ प्रमाणे २७ अंश आणि ३ दिवस करत असाल तर आपल्या प्रयोगशाळेच्या निकालांवरून स्वतःची नियंत्रण मर्यादा बांधा.

ब्लँक अगदी ०.०० येतोय आणि ही तपासणी कमी येतेय, असं असेल तर खूश होऊ नका. पाण्यात विष आहे: तांब्याच्या यंत्रातून आलेलं तांबं किंवा राहिलेला क्लोरीन. तांबं लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या खाली हवं.

बिघडलेल्या दिवसाच्या नमुन्यांचं काय

ब्लँक बिघडला हे कळतं तिसऱ्या दिवशी. तोवर नमुना जुना झालेला असतो, फ्रिजमध्ये ठेवलेला असला तरी. नमुना चोवीस तासांच्या आत, जमेल तितक्या लवकर लावायचा असतो, म्हणजे तोच पुन्हा लावून उपयोग नाही. त्या दिवसाचे आकडे ग्राहकाला पाठवू नका. त्यांना फोन करून नमुना पुन्हा घ्यावा लागेल असं सरळ सांगा, आणि रजिस्टरमध्ये कारणासह नोंद करा. पुन्हा गाडी पाठवायचा खर्च होतो, साहेब नाराज होतात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच पहिल्या सकाळच्या तीन नोंदी मी कधी सोडू देत नाही: भरतानाचं पाण्याचं तापमान, सुरुवातीचा डीओ, आणि त्याच संध्याकाळी काढलेल्या जास्तीच्या बाटलीचा डीओ. संध्याकाळचा आकडा घसरलेला दिसला तर नमुने अजून ताजे असतात. रात्री उशिरापर्यंत थांबून, पाणी २७ वर आणून, त्याच दिवशी दुसरा संच लावता येतो.